मऊ गाडी

माझा स्वभाव चिडका आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला नवल वाटायला नको. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पोरं मला टरकून असायची. घरी मात्र माझ्या चिडण्याचा कुणावर काडीचा परिणाम नव्हता, कारण घरी आम्ही दोघंच. मूल झालं नाही. मी आवाज चढवला की हे पडवीतल्या झोपाळ्यावरून शांतपणे विचारायचे, "चहा टाकतेस का, की अजून बोलायचंय?"

रेवदंड्याची खाडी ओलांडून पुढे आलं की समुद्राच्या कडेने वाड्या लागतात, त्यातली एक आमची. नारळ, सुपारी, थोडं जायफळ. घर वाडीच्या आत, आणि डांबरी रस्ता व घर यांच्या मधे एक वहाळ, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात कोंबडीचेही पाय भिजत नाहीत. पावसाळ्यात मात्र तो सांगेल तेव्हा जायचं आणि तो सांगेल तेव्हा यायचं. ह्यांचं सगळं आयुष्य त्या वहाळाच्या अलीकडे गेलं. मी नोकरीसाठी तो रोज ओलांडायची आणि रोज त्याला शिव्या घालायची.

मग ह्यांची पाठ दुखायला लागली. वाडीत वाकून वाकून दुखत असेल म्हणून आम्ही तेल चोळलं, शेक दिला, अलिबागला दाखवलं. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूळ दुखणं दुसरीकडेच आहे आणि ते आता मणक्यात उतरलंय. दर तीन आठवड्यांनी मुंबईला न्यायचं. मांडव्याहून रोरो बोटीत गाडी चढवायची, पलीकडे उतरायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं आणि परत. पाण्यावर ह्यांना काही त्रास होत नसे. त्रास मांडव्यापर्यंतच्या रस्त्यात होता. खड्डा आला की ह्यांच्या तोंडून असा आवाज यायचा, जो मी लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. त्या दिवसांत मला देवाकडे मागायचं एवढंच उरलं होतं, की हा माणूस न विव्हळता मुंबईला जाऊन यावा. बरा होऊ दे असंसुद्धा मागायचं मी सोडून दिलं होतं.

आमची छोटी गाडी ऑगस्टमध्ये वहाळात पोट टेकून बसली. ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसांनी पलीकडे नेलं. हे पूर्ण वेळ पाण्याकडे बघत होते. रस्त्यावर पोचल्यावर चौघांनाही नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पिकअप घेऊ. पुढे माणसं, मागे माल. दोन्ही कामं होतील."

पैशांचं काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. केलं.

पनवेलच्या बाजूला एका दुकानात दोन गाड्या बघितल्या. दोन्हीला पुढे दोन जागा, मागे आडवं होता येईल अशी सलग सीट आणि त्यामागे उघडा हौदा. पण एक होती मऊ आणि दुसरी दणकट. मऊ गाडीत चामड्याच्या सीटा, समोर टीव्हीएवढा पडदा, दार लावलं की बाहेरचं जग बंद. तिच्या हौद्यात काळं मखमलीसारखं काहीतरी अंथरलं होतं. ह्यांनी काठीने ते उचकून बघितलं आणि टाय लावलेल्या विक्रेत्याला विचारलं, "यात शेणखत भरता येईल का?"

तो बिचारा टाय सारखा करत म्हणाला, "सर, ही लाइफस्टाइल गाडी आहे."

"हो, पण शेणखत?"

मी ह्यांना कोपर मारलं. दुसरी गाडी उंच, चाकं ट्रॅक्टरच्या नात्यातली, आत साधं रबर, हौद्यात नुसता पत्रा. तिला डोंगर चढता येतो, पाण्यातून जाता येतं, असं विक्रेत्याने सांगितलं. हे सांगताना त्याचा उत्साह निम्म्यावर आला होता.

मी दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. मुद्दाम खराब रस्ता निवडला आणि ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. मऊ गाडीत हे झोपले. खरोखर झोपले, घोरले. कितीतरी दिवसांनी मी ते घोरणं ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. मग दणकट गाडी. पहिल्याच खड्ड्यात गाडीचं मागचं अंग उडालं आणि आपटलं. आरशात बघितलं तर ह्यांचे ओठ पांढरे पडलेले. मी थांबले. हे म्हणाले, "बरी आहे."

मला वाटलं, विषय संपला. पण दुकानात परतल्यावर हे त्या दणकट गाडीभोवतीच फिरायला लागले, काठी टेकत. मला म्हणाले, "बस बघू. क्लचला पाय नीट पोचतो? मागचं दिसतं? आता उतर आणि हौद्याचं मागचं झाकण, तो फाळका उघड. एकटीने. आता लाव. पुन्हा एकदा."

"मला काय हमालीला लावायचंय का?" मी विचारलं.

"पुन्हा एकदा लाव," हे म्हणाले.

गाडी मलाच चालवायची होती, म्हणून मी ते निमूट केलं. पण ह्यांनी तीच गाडी घ्यायची म्हटल्यावर मी दुकानातच सुरू झाले. पाठ कुणाची मोडलीय, रस्ता कुणाला सहन होत नाही, शेणखत कोण भरणार आहे आता. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत गिळावंसं वाटलं. विक्रेता कागद चाळायला लागला. हे हळूच म्हणाले, "एवढं एक माझ्या मनासारखं होऊ दे."

ह्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मला जे कळलं, किंवा कळलं असं वाटलं, ते असं: ह्यांना अजून वाटतंय की आपण बरे होऊ. पुन्हा सुपारीची पोती भरू, खत आणू. मी मऊ गाडी घेतली तर ती आजारी माणसाची गाडी होईल, आणि तू आता उठणार नाहीस हे बायकोनेच तोंडावर सांगितल्यासारखं होईल. ते मला जमेना. दुकानाच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडले, बाहेर आले आणि सही केली. गाडी माझ्या नावावर घ्या, असंही ह्यांनीच सांगितलं.

पहिला फेरा सप्टेंबरच्या शेवटी झाला. वहाळ तिने असा ओलांडला, जसं काही तिथे पाणीच नव्हतं. हे मागून म्हणाले, "बघ." पण डांबरी रस्ता लागला आणि खड्डे सुरू झाले. मी बैलगाडीच्या चालीने चालवत होते. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून शिव्या देऊन पुढे जात होते. ह्यांनी टॉवेल तोंडात धरला होता. अलिबागपर्यंत तो टॉवेल होता. पुढे तोही पुरेना. मी गाडी चालवत रडत होते आणि रडता रडता ह्यांनाच बोलत होते, की बघा, ही तुमची हौस, भोगा आता. असं बोलले मी. मागे तो माणूस विव्हळत होता आणि मी असं बोलले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मांडव्याला रोरोच्या रांगेत आमच्या मागे रेवदंड्याहून मासळी घेऊन जाणारा एक टेंपोवाला होता. साठीचा असेल. माझा चेहरा बघून तो खाली उतरला, आत ह्यांच्याकडे डोकावला, मग हौद्याकडे गेला.

"बाई, मागं काय भरलंय?"

"काही नाही."

"मंग आपटनारच. ही मालाची गारी हाय. रिकामी असली का उरते न् आपटते. खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर भार परला पायजे, मंग बघा कशी चालते ती. कायपन भरा, पन भरा."

एवढंच. मी गणिताची बाई, स्प्रिंगचं आणि वजनाचं नातं फळ्यावर आकृती काढून सांगू शकले असते. गाडी रिकामी चालवून बघितली आणि रिकामीच घेऊन निघाले. दुकानात हे का सुचलं नाही म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आल्यावर काय भरायचं याचा विचार झाला. नारळ गडगडतात, रेती ओली झाली की पत्रा खाते. वाडीच्या समुद्राकडच्या बाजूचा गडगा मागे वादळात पडला होता. त्या दगडी बांधाचे जांभ्याचे चिरे तेव्हापासून गवतात लोळत होते, आणि हे दरवर्षी म्हणायचे की यंदा गडगा उभा करू. आमच्या वाडीवर जुना गडी आहे, त्याने ते चिरे आणले. हे पडवीत उशांना टेकून बसले आणि तिथून सांगायला लागले: आधी आठ, चाकांच्या बरोबर वर, खाली काथ्याची पोती घाला, मधे फट नको. मी वहाळापर्यंत फेरी मारून यायची. मग दहा. मग चौदा. ह्यांना बसवून पुन्हा फेरी. सोळा चिऱ्यांवर गाडी शांत झाली. खड्ड्यात ती आता उडायची नाही, नुसती दबून वर यायची. दुकानातल्या त्या मऊ गाडीसारखी नाही, पण टॉवेल लागेना झाला.

तेव्हापासून आमचा गडगा दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाऊन येऊ लागला. रोरोवरचे लोक विचारायचे, बाई, मुंबईत घर बांधताय काय. हे आतून उत्तर द्यायचे, "किल्ला बांधतोय." एकदा बोटीवर ह्यांनी मला खिडकीतून हाक मारली आणि विचारलं, "तुला आठवतं, आपण लग्नानंतर पहिल्यांदा बोटीने गेलो तेव्हा तुला उलटी झाली होती?" मी म्हटलं, ते सोडून दुसरं काहीही आठवा. त्या दिवशी हे खूप हसले.

सहा महिने असे गेले. मार्चमध्ये डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं की आता आणू नका, घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघा. मी बाहेर आले. हे म्हणाले, निघू या. बोटीत झोपले. अलिबाग गेलं, रेवदंडा गेला, खाडी गेली. वहाळ जवळजवळ कोरडा होता. मी गाडी खाली उतरवली तेव्हा मागून आवाज आला.

"जरा थांब इथे."

मी थांबले.

"उद्या चिरे उतरवून घे. हौदा मोकळा कर. सुपारी वाळलीय, पोती न्यायची असतील."

"पुढच्या वेळेला लागतील," मी म्हटलं.

"पुढची वेळ नाही. तू बाहेर आलीस तेव्हाच कळलं."

आणि मग माझा बांध फुटला. मी मागे वळून, स्टिअरिंगवरचा हात न सोडता, जे मनात सहा महिने साठलं होतं ते सगळं बाहेर काढलं. मग ही गाडी कशाला घ्यायला लावलीत? बरे होणार नाही हे माहीत होतं, तर मऊ गाडी का नाही घेऊ दिलीत? त्या पहिल्या दिवशी टॉवेल चावत गेलात, कशासाठी? सहा महिने सुखाने झोपून गेला असतात.

हे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मला हिच्यात सहा महिने बसायचं होतं. तुला पुढे किती वर्षं बसायचंय. ती मखमलीची गाडी घेऊन पावसात तू इथे मधेच अडकली असतीस. तुला खुर्चीत घालून पलीकडे न्यायला मी नसणार."

मला पुढे गाडी चालवता येईना. गडी बघायला आला तेव्हाही आम्ही वहाळातच होतो.

चिरे उतरवले. गडगा गड्याने उभा केला. ह्यांची खाट पडवीत अशी ठेवली होती की गडगा दिसावा. चौथा थर लागताना हे म्हणाले, कोपरा तिरका जातोय. गड्याने तो पाडून पुन्हा लावला. गडगा पूर्ण झाला तेव्हा हे नव्हते.

जुलैमध्ये वहाळ भरून आला. नारळ उतरवलेले होते, अलिबागचा व्यापारी फोनवर फोन करत होता. मी फाळका उघडला, पोती चढवली, फाळका लावला. एकटीने. पाणी चाकांच्या वरपर्यंत होतं. गाडी जराही न डगमगता पलीकडे गेली. रस्त्यावर पोचल्यावर मी ती बाजूला घेतली, मागे वळले आणि त्या रिकाम्या सीटला म्हटलं की सगळं तुम्हीच ठरवलंत, मला काय हवंय ते एकदा तरी विचारायचं होतंत. मला मऊ गाडी हवी होती. तुम्ही तिच्यात घोरला होतात.

मग इंजिन चालू केलं आणि नारळ घेऊन अलिबागला गेले.