मंगळीच्या मोहाखालची पिसोरी

बोईसरची धुराडी मागे टाकून डोंगराकडे वळलं की एक पाडा लागतो. तिथे मंगळीचा आवाज आधी भेटतो, मंगळी नंतर. भेकर भुंकतं कसं, ठेकेदार ‘अरे भाई, जल्दी करो’ म्हणतो कसं, सगळं तिच्या घशात. त्यामुळेच पंचाईत झाली. पहाटे मोहाच्या झाडाखाली पिसोरी दिसली, सशाएवढं हरीण, अंगावर पांढरे ठिपके, असं ती सांगू लागली तेव्हा पाड्याला वाटलं, हीपण नक्कलच.

“पिसोरी माझ्या आज्यानं बघितलेली,” तिचा नवरा नवशा म्हणाला. “तू मोहाची फुलं येचत होतीस का मोहाची पीत होतीस?”

हे मंगळीला फार लागलं. माकुणसार गावची चारुता जंगलात जनावरांचे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधत फिरायची. मंगळीने तिला धरूनच आणलं. चारुताने मोहासमोर कॅमेरा बांधला. “आठवडाभर बघू. नाहीतर पलीकडच्या डोंगरावर नेते.”

आठवड्याने सगळा पाडा लॅपटॉपवर वाकला. फोटोत मंगळी वाकलेली. मंगळी झाडू मारताना. मंगळी पाठमोरी.

“जनावर मोठं हाय,” नवशा म्हणाला. “रोज येतं. लुगडं नेसतं.”

झालं होतं असं, की मोहाखालची जमीन लख्ख झाडायची आणि पहाटे एकूणएक फूल उचलायचं, ही पाड्याची रीत. पिसोरी खाणार काय, मंगळीचा झाडू?

“थोडी फुलं राहू द्या ना, मंगळीताई,” चारुता म्हणाली.

“फुलं कुजवली तर बाया नावं ठेवतील, ताय.” पण कॅमेरा जाईल म्हणून ती कबूल झाली. त्या आठवड्यात ती मोहाकडे फिरकली नाही. हात शिवशिवले की भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. बाया म्हणायच्या, मंगळीला आळस भरलाय.

पुन्हा लॅपटॉप. साळिंदर. उंदीर. मग भर उन्हात, चार पायांवर, टॉवेलात फुलं भरणारा नवशा.

पाडा हसून लोळला. मंगळीने लगेच रांगून दाखवलं, चोरटी मान वळवून, थेट नवशा. ती रांगत असतानाच चारुताने पुढचा फोटो लावला आणि हसणं थांबलं. फुलांत तोंड घातलेली, ठिपक्यांची, इवलीशी पिसोरी.

“मी थोडी फुलं ठेवली म्हणून आली ती,” नवशा पुटपुटला. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

“मंगळे,” शेजारचा चिंधूबाबा सरकून बसला, “आणखी काय काय बघितलंस गं तू?”

मंगळीने गुडघे झटकले, ऐसपैस बसली आणि एकापाठोपाठ चार जनावरं सांगितली. त्यांतली दोन खरी होती.