अकरा मिलिमीटर

चंद्रमौळी बावीस वर्षं गच्चीवरचं पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचत आले होते. निवृत्त कारकून, तंजावरी मराठी, तमिळ शहरातल्या नुंगंबाक्कम भागातल्या एका गल्लीत राहणारे. पगार नाही, कुणी विचारतही नाही. पण आकडा म्हणजे आकडा.

यंदा तलाव आटले आणि एका कंपनीने विमानातून ढगांत मीठ फवारून पाऊस पाडायचं ठरवलं. कंपनीचा गिरिधर स्वतः घरी आला. "सर, ढगांच्या वाटेवर तुमचंच एक मापक आहे. सगळं तुमच्या आकड्यावर." सर! चंद्रमौळी दिवसभर ताठ चालले.

अमावास्येला मापक वाचून त्यांनी वडिलांचं तर्पण केलं. ते तिळाचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून त्यांची बायको कनका तुळशीत ओतायची. पण तुळस पाण्यावाचून वाळून गेलेली. तिने ते गच्चीवर नेलं आणि जिथे कुणाचा पाय लागणार नाही अशा एकाच जागी ओतलं, मापकाच्या नरसाळ्यात. दुपारी विमान घोंघावत गेलं.

दुसऱ्या सकाळी मापकात अकरा मिलिमीटर. गच्ची ठणठणीत कोरडी. तळाशी तीन काळे तीळ.

चंद्रमौळींनी तीळ बोटाने काढून टाकले आणि आकडा गिरिधरला पाठवला.

दोन दिवसांनी पाण्याची लॉरी आलीच नाही. पाणीपुरवठा कचेरीचं उत्तर आलं, कंपनीच्या आकड्यानुसार तुमच्याकडे पाऊस झालाय, आधी कोरड्या गल्ल्या. प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन बाया रस्त्यात ताटकळल्या.

"मामा, मी कशी भिजले नाही हो?" पुण्याहून नोकरीला आलेली शेजारची नंदिता म्हणाली. "एकट्या तुमच्याच गच्चीवर पडला का?"

कनका दचकली. "अय्यो! तर्पणाचं पाणी मीच ओतलं की त्यात!"

"घ्या, मामींनी पाऊस पाडला! विमान कशाला हवं?" नंदिता म्हणाली आणि गल्ली खदखदून हसली. कनकाने पदर तोंडाला लावला.

बायको हसू झेलत होती आणि चंद्रमौळी नुसते बघत होते.

"तिला हसू नका," ते शेवटी म्हणाले. "तीळ मला दिसले होते. तरी आकडा पाठवला."

त्यांनी तिथूनच गिरिधरला फोन लावला. "शून्य लिहा."

"सर, आता? पुढची उड्डाणं मंजूर झालीत!"

"शून्य."

तरीही लॉरी यायला आणखी दोन दिवस लागणार होते. चंद्रमौळी दोन कुडम घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या हातपंपावर गेले. म्हातारं माणूस म्हणून बायांनी सरकून त्यांना पुढे जागा दिली. ते मान खाली घालून रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले.