दादा लेथवर गेला

बारावीनंतर दादापुढे तीन वाटा होत्या. कॉलेजात विज्ञानाला प्रवेश मिळाला होता. लष्करातल्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आणि शहराच्या कडेला, गोरव्याच्या ज्या छोट्या कारखान्यात तो सुट्टीत लेथवर लोखंड कातायला शिकायला जायचा, तिथले शेठ त्याला कायमचा ठेवून घ्यायला तयार होते. आजोबा संस्थानच्या कचेरीतले, बाबा शाळेत विज्ञान शिकवणारे. आमच्या घरी या तिसऱ्या वाटेचा कुणी विचारसुद्धा केला नव्हता.

दादाने तीच धरली. बाबांनी अबोला धरला. शेजारचे गुजराती काका विचारायचे, "मोटो शुं करे छे?" मोठा काय करतो? आणि एरवी खोट्याची चीड असलेले बाबा सांगायचे, मुलाखतीची तयारी चाललीय. मलाही दादाचा राग होता, कारण भावी अधिकाऱ्याची बहीण म्हणून मी शाळेत भरपूर भाव खाल्ला होता.

"मुलाखतीला घाबरलो नाही मी," तो मला एकदा म्हणाला. "मला हेच काम आवडतं. बाबांनी ते एकदा बघावं, एवढंच."

एका रविवारी त्याने बाबांच्या टेबलावर, तपासायच्या वह्यांशेजारी, एक पोलादी नळी आणि तिच्यात बसणारा दांडा ठेवला. बाबांनी सवयीने नळी उचलली, खालचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि वरून दांडा सोडला. तो पडला नाही. हवेला निसटायला जागाच नव्हती, म्हणून अगदी सावकाश खाली उतरत गेला. बाबांनी तो ओढून काढला, पुन्हा सोडला. असं पाच-सहा वेळा केलं.

"तू केलंस?"

"हो. आधीचे चौदा बिघडले."

एका चुकीला अर्धा गुण कापणाऱ्या बाबांनी दांडा पुन्हा एकदा नळीत सोडला.

संध्याकाळी काकांनी कुंपणाशी येऊन नेहमीचा प्रश्न विचारला. बाबा आत गेले, नळी-दांडा घेऊन आले आणि काकांच्या हातात ठेवत म्हणाले, "लेथ चलावे छे. आ एणे बनाव्युं." लेथ चालवतो, हे त्याने बनवलं.

मग हवा का अडते हे ते काकांना समजावत बसले. मी पुढे सगळे जातात म्हणून कॉलेजात गेले. दादाइतकी छाती मला कधीच झाली नाही. त्या संध्याकाळी तो कुंपणालगतच्या मोरीत हात धूत होता. हात स्वच्छ झाले तरी बाबांचं बोलणं संपेपर्यंत त्याने नळ बंद केला नाही.