इंदूरपर्यंत गाडी कोण चालवणार होतं

कंपनीच्या कागदावर माझा दादा मेला तेव्हा आराम करत होता.

खरंच तसं लिहिलंय. "पुरेशी विश्रांती देण्यात आली होती." पत्र इंग्रजीत होतं, काकांना मराठीत मीच वाचून दाखवलं. काका म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. तेच होतं.

आज निखिलदादाला जाऊन वर्ष झालं. माझा सख्खा चुलतभाऊ. पायलट. घर भोपाळला, अयोध्या नगरात. ड्यूटी दिल्लीहून सुरू आणि दिल्लीतच खतम.

लोकांना वाटतं, पायलटला काय, बसला विमानात आणि आला घरी.

घंटा.

घरी येताना तो पायलट नसतो. त्याला कन्फर्म सीटही नसते. सगळे पॅसेंजर चढले आणि एखादी खुर्ची उरली, तर हा. नाहीतर बॅग उचला आणि पुढच्या फ्लाइटला परत उभे राहा. युनिफॉर्ममधला माणूस गेटवर स्टाफच्या तोंडाकडे बघत उभा.

आणि हा सगळा वेळ रेकॉर्डवर "विश्रांती". ड्यूटी संपली की यांचं घड्याळ सुरू. मग तू झोप नाहीतर रांगेत उभा राहा, तुझा प्रश्न.

मी एकदा दिल्लीला त्याच्या रूमवर राहिलोय. मला पुढे पहाडात जायचं होतं, ते राहिलंच, असो. दोन खोल्या, पाच गाद्या, नऊ पायलट आळीपाळीने. दिवसा झोपता यावं म्हणून खिडक्यांना आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. उशीच्या अभ्र्यांवर मार्करने नावं. सगळीकडे ओल्या मोज्यांचा वास.

मी दारातच उभा राहिलो.

दादा म्हणाला, "नाक दाब आणि झोप. चार तास आहेत."

असल्या गादीवरून उठून हे लोक तुम्हाला ढगांवरून नेतात. तुम्ही खिडकीतून फोटो काढता. मीपण काढलेत.

गेल्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दादा ओळीने चार रात्री विमान उडवून आला. एअरपोर्टवरून थेट हॉस्पिटल. पुढे घरी दर दोन तासांनी काकांच्या डोळ्यात औषध, तेही यानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघाला. फ्लाइट फुल. संध्याकाळचीही फुल.

मला फोन आला.

"पिंट्या, कुठे आहेस?"

"मंडीदीप."

"तिथे काय?"

"एक जुनी मोटरसायकल बघतोय."

"ऐक. इथे वऱ्हाड आहे, एक सीट नाही. इंदूरहून पाचच्या फ्लाइटला जागा दिसतेय. मी घरी जाऊन गाडी काढतो. तू चालव, मी मागे झोपतो. परतताना गाडी घरी घेऊन ये."

"ट्रेनने जा ना, यार."

"ट्रेनमध्ये झोप होणार नाही. उद्या पहाटे ड्यूटी आहे. न झोपता मी माणसं घेऊन उडत नाही."

मी म्हटलं, "पाऊण तासात पोचतो."

नाही पोचलो.

मोटरसायकलवाला म्हणाला, "भैया, एक चक्कर मारके देखो." मी चक्कर मारत भोजपूरपर्यंत गेलो. रस्ता चांगला होता. तिथे समोसे खाल्ले. हे असंच होतं माझं, सगळ्यांना माहीत आहे, सगळे हसतात.

दादाचे आणखी दोन फोन येऊन गेले. मला ऐकूच आले नाहीत. मग मेसेज. "निघतोय. राहू दे."

मी उत्तरात अंगठा पाठवला. 👍

तो अंगठा अजून आहे फोनमध्ये. किळस येते.

इंदूरच्या रस्त्यावर, आष्ट्याच्या पुढे. दुपारी अडीच, लख्ख ऊन. कडेला उभा असलेला ट्रक. पोलीस म्हणाले, ब्रेक मारल्याची खूणच नाही.

जो माणूस झोपेशिवाय विमानाला हात लावत नव्हता, तो तसाच गाडी घेऊन निघाला. का, तर त्या रात्री नीट झोपता यावं म्हणून.

विमानात दोन पायलट असतात. एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असतो.

गाडीतला दुसरा मी होतो.

कंपनीला मी वर्षभर शिव्या दिल्या. त्यात काही खोटं नाही. आज त्यांचा मेल आला, वर विमानाचं चित्र, खाली "आमच्या कुटुंबातील सदस्य". थू.

पण शिव्या देताना मला बरं वाटायचं, हे जास्त घाण आहे.

कारण घरातून निघताना काकूने विचारलं होतं, "एकटाच चाललास?" आणि दादा "हो" म्हणाला. पिंट्या येणार होता, आला नाही, हे त्याने सांगितलंच नाही.

त्यामुळे वर्षभर काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगते. आज सकाळीही सांगत होती, "हट्टीच होता. एकाला तरी फोन करायचा. घरात मुलं काय कमी होती?"

आणि मी शेजारी बसून तिच्या हातचं जेवतोय. आज पंगतीत तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा भात मागितला.

काकू, तू फेसबुक बघतेस. म्हणून इथे लिहितोय.

त्याने फोन केला होता. मला. तीनदा.

तो हट्टी नव्हता. तो थकला होता आणि त्याने मदत मागितली होती.

हे तुझ्यासमोर बसून बोलायला हवं. पण मी जेवून निघालो, आत्ता शिवाजी नगरात आहे, परत अयोध्या नगरापर्यंत पोचायला अर्धा तास लागेल आणि मधे मी कुठेतरी भरकटेन. मी मला ओळखतो. पोस्ट टाकली की मागे फिरता येणार नाही.

टाकतो आणि निघतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी पायरीवर बसेन.

निखिलदादा, तुला नमस्कार. माफी तुझ्याकडे मागत नाही, ती आधी तुझ्या आईकडे मागायची आहे.