पुरं वाक्य बोलायला लावणाऱ्या बाई

सुचिताबाईंचं नाव काढलं की हल्ली मला शिसारी येते. मी धोंडूबाई, शाळेत दुपारचा भात शिजवते. पाच वर्षं त्यांना शिकवताना बघितलंय, तेव्हा मला बोलायचा हक्क हाय.

पहिली-दुसरीची पोरं त्यांच्याकडे. त्यांचा एक नियम होता. ताटली पुढे करून नुसतं "भात" म्हटलेलं चालायचं नाही. "मावशी, मला भात वाढा," असं पुरं बोलायचं, मग वर्गात तेच पाटीवर लिहायचं. माझा भात निवायचा, रांग हलायची नाही. मी कुरकुरले की म्हणायच्या, "मावशी, अर्धवट बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही."

दुसरीतल्या केसरला वाक्य म्हणून जुळेना. "आय पाणी," एवढंच लिहायची. बाईंनी सहा महिने तिच्यापाशी डोकेफोड केली, जेवणाच्या सुट्टीतही तिला घेऊन बसल्या. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग जानेवारीत बंगलेवाले आले. शहरातून येऊन, मांडव्याच्या धक्क्याला बोटीतून उतरून दोन दिवस राहून जाणारी माणसं. गेल्या साली त्यांनी भिंत घातली नि आमच्या वाडीची विहिरीची वाट बंद झाली. तेच आता दप्तरं वाटायला आले. हेडमास्तर लाळ घोटत मागे-पुढे. प्रत्येक पोरानं त्यांना कार्डावर एक वाक्य लिहून द्यायचं ठरलं. वाक्यही फळ्यावर तयार होतं: आम्हाला दप्तर आवडले.

केसरनं फळ्याकडे बघितलंच नाही. कार्ड घेऊन आधी माझ्याकडे आली. मी चौथी शिकलेय, मी वाचलं. "तुमच्या भिंतीमुळे माझी आय लांबून पाणी आणते." कुठे काना-मात्रा चुकली नव्हती.

मग तिनं ते बंगल्याच्या बाईसाहेबांच्या हातात दिलं. त्यांना मराठी वाचता येईना. तशी बाई बरी होती. केसरजवळ खाली बसली आणि हिंदीत म्हणाली, हिनं सगळ्यांपेक्षा वेगळं लिहिलंय, काय लिहिलंय ते मला सांगा.

सुचिताबाईंनी कार्ड बघितलं, मग हेडमास्तरांकडे बघितलं. बाईंची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची, ती हेडमास्तरांच्याच शेऱ्यावर.

"दप्तर खूप आवडलं, असं लिहिलंय," बाई हिंदीत म्हणाल्या.

थू असल्या शिकवण्यावर. आणि मी तरी काय केलं? हातात डाव घेऊन पातेल्याशी उभी राहिले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझं तोंड उघडलं नाही, म्हणून माझीही मला किळस येते. बाईसाहेबांनी केसरच्या गालाला हात लावला आणि तिच्या पाठीवर दप्तर अडकवलं. पोर सुचिताबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. टीव्ही बघून बघून हिंदी तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत तिनं ताटली पुढे केली.

"भात," म्हणाली.

बाई शेजारीच होत्या. मी नियमाप्रमाणे डाव धरून थांबले. केसर पुढे काही बोलेना, ताटलीही मागे घेईना.

बाईंनी मान वळवली.

"वाढा," म्हणाल्या.