गुत्त्यानं घेतलेला खांदा

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात एकही काम वेळेवर संपवलं नाही. सगळी वेळेच्या आधीच संपवली. आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, गुत्त्यानं घेतात: शेताची अख्खी बांधी अंगावर घ्यायची आणि लवकर संपली की लवकर घरी जायचं. जाऊबाईंनी जगणंच गुत्त्यानं घेतलेलं. पंगतीत बाकीच्यांना भात वाढून होईपर्यंत त्या हात धुऊन आलेल्या असत. कोणाच्या मयतीला गेल्या तर रडणंही आधी उरकून घेत आणि इतर बायका रडत असताना शेजारच्या चुलीवर सगळ्यांसाठी चहा ठेवत.

जेठ गेल्यापासून अंगणापलीकडच्या घरात त्या एकट्याच राहतात. मुलगा नागपूरला नोकरीत. मागच्या उन्हाळ्यात धानाचं पोतं एकटीनं माळ्यावर चढवताना त्यांच्या उजव्या खांद्यात कळ आली. मला हाक का मारली नाही, तर मी येईपर्यंत पोतं चढलं असतं, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांत हात खांद्याच्या वर जाईना. मग त्यांनी मोहाची फुलं गरम करून खांद्यावर बांधली आणि तशाच अंगणात सूप घेऊन बसल्या. मागून शेजाऱ्यांची बकरी आली आणि फडक्यासकट औषध ओढू लागली. जाऊबाईंना वाटलं, मीच शेकते आहे. "अजून जरा जोरानं दाब, लहानी," त्या म्हणाल्या.

अंबाडा घालता येईना, म्हणून त्या रोज सकाळी माझ्यापुढे पाठ करून बसू लागल्या. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पण समोर कोणाचं तोंड नसलं की बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. केसांना तेल लावता लावता मी त्यांना माहेरच्या नदीचं सांगितलं, पहिल्या बाळंतपणात किती भ्याले होते ते सांगितलं, चौथीच्या पुस्तकातली पाठ असलेली कविताही म्हणून दाखवली. त्या "हं" म्हणत आणि मधेच "झालं का?" विचारत. पण उठून जात नसत.

रोवण्याच्या दिवसांत मुलगा आला. आईच्या हाताची गत पाहून म्हणाला, "माय, तुले केसही बांधता येत नाई. दिवाळीले घर बंद करू अन् चाल माह्यासंग नागपूरले." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जाऊबाई मला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या.

तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हात सगळीकडून फिरवून पाहिला. मांस हाडाला बांधणारी दोरी असते, ती सुजली आहे, म्हणाल्या. हाताला झटका द्यायचा नाही, पण गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही, खांद्याच्या वर ओझं न्यायचं नाही. वाकून हात सैल झुलवायचा आणि भिंतीवरून बोटं हळूहळू वर चालवायची. सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा, तीन महिने.

एवढं काम दोन दिवसांचं आहे, असं जाऊबाईंनी घरी येऊन ठरवलं. भिंतीपाशी उभ्या राहिल्या त्या जेवणापुरत्याच वळल्या. तिसऱ्या दिवशी घास तोंडापर्यंत नेताना डोळ्यांत पाणी. पुन्हा दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हा रोवणा नाही. ही दोरी तिच्या वेळेनंच बरी होणार."

"मंग मजूर वाढवू का?" जाऊबाईंनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये, गाव जवळ आल्यावर, त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मले माह्या घरातच राह्याचं आहे. तू मले दहावर थांबवत जाय."

तेव्हापासून मी मोजू लागले. मी "दहा" म्हणेपर्यंत त्यांचा हात अकराव्यासाठी निघालेला असे, मग मी भिंत आणि त्यांच्यामध्ये जाऊन उभी राही. घरात माझं कोणी ऐकण्याची ती पहिलीच वेळ. पोळ्याला बोटं दाराच्या कडीपर्यंत पोचली, दसऱ्याला कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत.

दिवाळीला मुलगा गाडी घेऊनच आला. जाऊबाई त्याच्यासमोर ओसरीवर बसल्या, केस मोकळे केले आणि दोन्ही हात मागं नेले. ओठ आवळलेले, डावा हात उजव्याला सांभाळून घेतोय. त्यांना एखादं काम इतकं सावकाश करताना मी कधी पाहिलं नव्हतं. अंबाडा एका कानाकडे कलला, पण बसला. मुलानं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "राह्य मंग इथीच. पण पोतं उचलाचं नाई." मला इतका आनंद झाला, की त्याच्या चहात साखर मी दोनदा घातली. त्यानं मुकाट्यानं प्यायला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाची वाटी घेऊन अंगणात आले, तर जाऊबाई अंबाडा घालून, चूल पेटवूनही मोकळ्या झालेल्या. माझ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "काऊन लहानी, काई सांगाचं होतं?"

सांगायचं होतं. पहाटे माझी आई स्वप्नात आली होती.

"काई नाई, बाई," मी म्हणाले आणि वाटी घेऊन आत आले.