मामांची शिट्टी आणि परकराची पिशवी

माझ्या बायकोच्या मामांइतका सुरक्षित माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसेल, आणि त्यांच्या घरच्याइतका जिवावर बेतणारा पाहुणचारही. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म शिफ्टमध्ये काढला. निवृत्त झाले ते फक्त कंपनीच्या मते. रोह्याच्या जुन्या आळीतल्या त्यांच्या कौलारू घरात बल्ब बदलायचा तर आधी हेल्मेट चढायचं, मामी तेलात मोहरी टाकण्याआधी "फोडणी!" असं ओरडून सांगायची, आणि आंघोळीला निघालेल्या पाहुण्याला गीझरवर उभ्याउभ्या एक भाषण ऐकावं लागायचं. भाषणाच्या शेवटी मामा विचारत, "समजलं?" मी एकदा गमतीत "नाही" म्हणालो. भाषण पहिल्यापासून झालं आणि बादलीतलं पाणी निवून गेलं. कौलावर एक बांबू आणि बांबूवर केशरी पिशवी. वारा कुठला ते दाखवायला कंपनीत असते तशी. ही मात्र मामीच्या जुन्या परकराची शिवलेली. "माझा परकर सगळ्या रोह्याला दाखवतायत," मामी म्हणायची, "आणि वर म्हणे सेफ्टी!"

आळीच्या मधोमध एक मोकळं अंगण होतं. तिथे मामांनी हिरवा बोर्ड ठोकला होता, 'असेंब्ली पॉइंट'. महिन्यातून एखाद्या रविवारी ते शिट्टी फुंकत. शिट्टी वाजली की सगळ्या आळीने गॅस बंद करून, हातातलं टाकून तिथे जमायचं, मामा एकेकाचं नाव पुकारणार, आणि सगळ्यांची हजेरी लागेपर्यंत कोणी घरात पाऊल टाकायचं नाही. आळी कुरकुरत यायची, पण यायची. समोरच्या सुमनवहिनी तर मोड आलेल्या वालांची परातच घेऊन यायच्या. हजेरी संपेपर्यंत बायका मिळून सगळे वाल सोलून टाकत. "भावजी, जरा सावकाश पुकारा," सुमनवहिनी ओरडत, "अजून अर्धी परात हाय!"

मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. आमच्याकडे मूर्तीचा हात मोडणं हाच काय तो अपघात. लग्नानंतर पहिल्यांदा ती शिट्टी ऐकली तेव्हा मी शूरासारखा धावलो, आणि धावलो ते नेमका वारा वाहत होता त्याच दिशेने. गॅस सुटला तर तो वाऱ्याबरोबर मागे येतो, म्हणून वाऱ्याला आडवं पळायचं, हे धाटावला जाणाऱ्या कुठल्याही नवख्या पोराला ठाऊक असतं. मामांनी भर आळीत जाहीर केलं, "जावईबापू मेले!" तासाभरात पलीकडच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई बायकोचं सांत्वन करायला आल्या. दार मी उघडलं. त्या आणखीच जोरात रडायला लागल्या. दुपारी मामांनी माझं ताट वाढू दिलं नाही. "मेलेल्याला कसलं वालाचं बिरडं?" शेवटी मामीने मागल्या दाराने स्वयंपाकघरात घेतलं आणि वाटी पुढे सरकवली. "खावा गुपचूप. वर वाल मिळत नाय."

पुढे नगरपालिकेने जुन्या आळ्या सुधारायची योजना आणली. गळकी घरं पाडून त्याच जागी इमारत, आणि राहणाऱ्यांना तिच्यातच पक्की घरं. पहिला नंबर मामांच्या आळीचा लागला. मी नकाशे काढणाऱ्या ज्या ऑफिसात आहे, नेमकं तिथेच हे काम आलं. मला वाटलं, मामा आडवे येतील. पण ते काठीने घरोघरच्या भिंती ठोकत हिंडले. "पाडाच! ह्या भिंतीचा पोपडा काढायला जावा, भिंतच हातात येते." त्यांची अट एकच होती, अंगण राहिलं पाहिजे. मी "हो हो" म्हणालो आणि ऑफिसात जाऊन त्याच अंगणावर झोकात पार्किंग काढलं.

नकाशा आळीत टांगला त्या दिवशी मामा बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले.

"इथं गाड्या जमवणार? गाड्या हजेरी देतात काय?"

"मामा, माणसं गाड्यांच्या मधे उभी राहतील की."

"शिट्टी वाजली की आधी गाड्या काढायला धावतील. तुम्ही परत मेलात, जावईबापू. आणि ह्या टायमाला आख्खी आळी घेऊन!"

मामांनी होकार दिल्याशिवाय आळीतलं कोणी देईना. मी साहेबांच्या शिव्या खात नकाशातल्या गाड्या इमारतीच्या मागे ढकलल्या आणि अंगण वाचलं. घरं पडली, माणसं भाड्याच्या खोल्यांत पांगली. कोणी नागोठण्याला, कोणी पेणला. बांधकाम व्हायचं तसं रखडलं. मामा बांबू खांद्यावर घेऊन भाड्याच्या खोलीत राहिले आणि तोच बांबू घेऊन परत आले.

नव्या इमारतीतल्या पहिल्या ड्रिलला मी मुद्दाम हजर होतो. मामांनी बांबू अंगणात रोवला, बोर्ड ठोकला, शिट्टी फुंकली. नवी माणसं गॅलरीत आली. "आग लागली काय हो?" जुनी माणसं मात्र लिफ्ट सोडून जिन्याने खाली उतरली. नावं जुन्याच क्रमाने सुरू झाली.

"सुमनवहिनी!"

मधल्या काळात सुमनवहिनी जागा विकून लेकाकडे पनवेलला गेल्या होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मामांनाही.

"सुमनवहिनी!"

"अहो, त्या गेल्या ना पनवेलला," मामी हळूच म्हणाली.

"हजेरी पुरी नाय. कोणी हलायचं नाय."

ऊन डोक्यावर आलं. कुणाचं दूध वर राहिलं होतं, कुणाचे पाय दुखत होते, पण कोणी हललं नाही. मी फोन काढला, सुमनवहिनींना लावला आणि स्पीकर मोठा केला. "वहिनी, हजेरी चाललीय."

पलीकडून आवाज आला, "हाय हो भावजी, हाय मी. परात घेऊनच बसलेय. हितं सोलायला कोण येत नाय."

मामांनी मान वळवून पिशवीकडे पाहिलं. ती बांबूला चिकटून गप्प लोंबत होती. मी काढलेल्या इमारतीने अंगणातला वाराच अडवला होता.

"जावा आता घरात," मामा म्हणाले. ड्रिल संपल्याची शिट्टी वाजवायची ते विसरले.

संध्याकाळी हेल्मेट घालून, पूर्ण भाषण ऐकून, मी तो बांबू गच्चीवर नेऊन बांधला. आता पुलावरून रोह्यात शिरताना परकर लांबूनच फडकताना दिसतो. मी थांबून वारा कुठला ते बघतो आणि मगच पुढे जातो. पुन्हा मरून चालणार नाही. मामांकडे पुकारायला नावं आता थोडीच उरली आहेत.